पायांनी राखलेला इतिहास: चाळ, ढोलकी आणि शिकण्याची किंमत



या गावात इतिहासावर बोलायला उभं राहायचं आणि किल्ल्याचं नाव काढायचं नाही, हे जरा अवघडच. 1760 ची लढाई, सदाशिवरावभाऊ, निजाम, तह, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. तरी आज आम्ही तिकडे वळणार नाही. आज पायांविषयी बोलायचं आहे.

त्याला कारण झालं ते असं. मागच्या खेपेला आम्ही इथे बोललो, तेव्हा कार्यक्रम संपल्यावर कॉलेजातला एक मुलगा पुढे आला आणि त्यानं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. अमेरिकेतला नर्तक, बुटाच्या टाचेला आणि चवड्याला धातूच्या पट्ट्या, खाली लाकडी फळी. वाद्य एकही नाही. तो नुसत्या पायांनी ढोल वाजवल्यासारखं वाजवत होता. मुलगा म्हणाला, सर, ह्याला टॅप डान्स म्हणतात, असलं आपल्याकडं काही होतं का? आणि असेल तर शिकायचं कुठं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आम्ही उभ्याउभ्या दिलं. होतं, आणि आहे. आपल्याकडे बुटाऐवजी चाळ आहेत, एवढाच फरक. दुसऱ्या प्रश्नानं मात्र आम्हाला घरी जाऊनही झोप लागू दिली नाही. शिकायचं कुठं? आजचं व्याख्यान म्हणजे त्या मुलाला तेव्हा न देता आलेलं उत्तर समजा.

आधी चाळ म्हणजे काय ते सांगू, कारण पुढच्या पिढीला चाळ म्हटलं की मुंबईतली चाळ आठवते. चाळ म्हणजे पायातले घुंगरू. कथकची मुलगी दोरीत ओवलेले शंभरेक घुंगरू एका पायाला बांधते. लावणीवालीचे चाळ घोट्यापासून पोटरीकडे गुंडाळत जातात आणि चांगले जडशीळ असतात. हे चाळ बांधून नुसतं चालून बघा. पाय उचलताना एक आवाज, टेकताना दुसरा. टाच आधी पडली तर दाबलेला, चवडा आधी पडला तर मोकळा. आणि सगळ्यात अवघड म्हणजे पाय हलतो आहे पण चाळ गप्प आहेत, असं करून दाखवणं. नवख्या माणसाचे चाळ सारखे वाजतात. तयार बाईचे चाळ तिनं म्हटलं तेव्हाच वाजतात.

आता त्या टॅपवाल्यांची गोष्ट थोडक्यात, कारण ती आपल्या गोष्टीला उजेड दाखवते. 1739 साली अमेरिकेत साउथ कॅरोलिनात गुलामांनी उठाव केला. ते ढोल वाजवत निघाले होते. उठाव मोडला, आणि 1740 च्या कायद्यानं गुलामांना ढोल, शिंगं अशी मोठ्यानं वाजणारी वाद्यं बाळगायला मनाई केली. हातातला ढोल गेला, तेव्हा ताल टाळ्यांत, मांडीवर आणि पायात उतरला. टॅपचा इतिहास सांगणारे इथून सुरुवात करतात. त्यात आयर्लंडहून आलेल्या गरिबांचे जिग आणि लँकेशरच्या गिरणी कामगारांचा लाकडी बुटांचा नाच मिसळला. 1840 च्या दशकात न्यूयॉर्कच्या गलिच्छ वस्तीत विल्यम हेन्री लेन नावाचा काळा नर्तक गाजला, लोक त्याला मास्टर जुबा म्हणत. पुढे हार्लेममध्ये हूफर्स क्लब नावाची एक खोली होती. शिकवणारा मास्तर नाही, फी नाही. एकानं नाचायचं, दुसऱ्यानं बघायचं आणि चाल चोरायची. नियम एकच होता: दुसऱ्याची चाल जशीच्या तशी करायची नाही. चोरा, पण आपली करून दाखवा.

हे वाचलं तेव्हा आम्हाला आपली संगीत बारी आठवली.

संगीत बारी म्हणजे काय, हे मराठवाड्यात समजावून सांगायला नको, पण ऐकणाऱ्यांत बाहेरचेही असतील. तमाशाचे ढोबळ दोन प्रकार. एक ढोलकी फडाचा: गण, गौळण, बतावणी, रंगबाजी, वग, गावोगाव तंबू घेऊन हिंडणारा. दुसरा संगीत बारीचा, थिएटरात किंवा कला केंद्रात चालणारा. मोडनिंब, जामखेड, चौफुला ही त्यातली नावाजलेली ठिकाणं. तिथे एकाच जागी अनेक पार्ट्या उतरलेल्या असतात आणि आपापली बारी, म्हणजे पाळी, आली की रंगमंचावर जातात. आता विचार करा, आठ-नऊ वर्षांची मुलगी आहे. आई नाचते, मावशी गाते, आजीनं चाळ सोडले आहेत पण कान सोडलेले नाहीत. रात्री चार पार्ट्यांच्या बाया चार तऱ्हेनं तीच धुमाळी पायात घेतात आणि ही पोर पडद्याआड बसून बघते. सकाळी कोणी बघत नसताना अंगणात करून पाहते. चुकलं तर आजी आतून ओरडते, कारण आजीला ते ऐकू आलेलं असतं. तिला पोरीचे पाय बघावे लागत नाहीत.

ढोलकी फडात शिकण्याचा हंगाम वेगळा. दसऱ्याला फड बाहेर पडतो, अक्षय्य तृतीयेच्या आसपास परत येतो. मधल्या पावसाळ्यात नव्या वगाच्या तालमी होतात आणि नव्या पोरींचे पाय तयार होतात. पाय तयार करणारी व्यक्ती बऱ्याचदा बाई नसते, ढोलकीवाला असतो. ढोलकीची डावी बाजू घुमते, उजवी कडाडते. ढोलकीवाला एक तुकडा वाजवतो, पोरीनं तो पायांनी परत द्यायचा. मात्रा कोणी मोजत नाही. ढोलकीवाला मुद्दाम चकवतो, सम पुढे ढकलतो, मधेच हात थांबवतो. ज्या दिवशी पोर चकत नाही आणि उलट त्यालाच चकवते, त्या दिवशी तिचं शिक्षण पुढच्या इयत्तेत गेलं. टॅपवाले आणि लावणीवाल्या, दोघांकडेही परीक्षा ही अशी समोरासमोर असते.

आता या शिक्षणाची दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर आम्ही फसवणूक केल्यासारखं होईल.

टॅपवाल्याला बूट संध्याकाळी काढून ठेवता येतात. कोल्हाटी समाजातल्या मुलीच्या पायात चाळ बांधले की तिच्या लग्नाचा रस्ता बंद होत असे. तिच्या कमाईवर घर चाले, भावांची लग्नं होत, आणि तिच्या मुलांना बापाचं नाव नसे. डॉ. किशोर शांताबाई काळे यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’ 1994 साली आलं, तेव्हा अनेक पांढरपेशा घरांना हे पहिल्यांदा कळलं. त्या पुस्तकातली आई शाळेत हुशार आहे, आणि घरचे तिला शाळेतून नाचाकडे वळवतात. म्हणजे बघा, एका शाळेतून नाव काढून दुसऱ्या शाळेत घातलं. आपण या दुसऱ्या शाळेला शाळा म्हणत नाही, आणि पहिल्या शाळेनं त्या मुलीला का जाऊ दिलं हेही विचारत नाही. तेव्हा पारंपरिक शिक्षण किती सुंदर होतं वगैरे बोलताना जीभ थोडी आवरावी असं आमचं मत आहे. ते शिक्षण पक्कं होतं, कारण त्या मुलीला दुसरीकडे कुठे जायची मुभाच नव्हती.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर वडील-चुलत्यांच्या, म्हणजे भाऊ-बापूंच्या फडात वाढल्या. 1957 आणि 1990 अशी दोनदा राष्ट्रपतींच्या हातून पदकं मिळाली. गरोदरपणात नाचता नाचता कळा आल्या, पडद्यामागे बाळंत झाल्या आणि पुन्हा रंगमंचावर जायला निघाल्या, ही त्यांची गोष्ट महाराष्ट्र कौतुकानं सांगतो. आम्हाला ती कौतुकाची वाटत नाही. 2002 साली त्या गेल्या तेव्हा औषधपाण्याची ओढाताण होती. त्यांच्या नावानं सरकार आता जीवनगौरव पुरस्कार देतं.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला यातली एक गोष्ट फार टोचते. या परंपरेतले शब्द आपण जपले. रामजोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, प्रभाकर, सगनभाऊ, परशराम, सगळ्यांच्या रचना शोधून, जुळवून, छापून ठेवल्या. 1891 साली अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी पोवाड्यांचा संग्रह काढला, पुढे संपादकांची रांगच लागली. पठ्ठे बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. त्यांच्या लावण्यांची मोजदाद झाली, आख्यायिका झाल्या, सिनेमा झाला. त्यांच्याबरोबर उभी राहिलेली पवळा, तमाशाच्या फडावर येणारी पहिली बाई म्हणून जिचं नाव घेतात, ती लोकांना आठवते ती तिच्या रूपासाठी आणि बापूरावांच्या वेडासाठी. तिचा पाय कसा पडत होता, हे कोणी टिपून ठेवायचं होतं? त्याआधी बायांच्या जागी लुगडं नेसून नाचणारे नाच्ये पोरे होते, त्यांची तर नावंही उरली नाहीत.

आपण उदगीरकर निजामाच्या मुलखातले, म्हणून एक दाखला हैदराबादचा. माहलका बाई चंदा, 1768 ते 1824. उर्दू गझलांचा दिवाण असलेली पहिली स्त्री कवी म्हणून तिचं नाव घेतलं जातं. ती नृत्य-गायनात तयार होती आणि आपल्या हवेलीत मुलींना हे शिक्षण देत होती. दिवाण राहिला. हवेलीतल्या मुलींनी पायात घेतलेलं सगळं गेलं. कागदावर बसतं ते टिकतं, आणि पाय कागदावर बसत नाहीत.

का बसत नाहीत, असं मात्र नाही. कथकचे बसले ना! ‘ता थेई थेई तत’ हे बोल वहीत लिहिता येतात, सोळा मात्रांत मांडता येतात, बरोबरीत, दुपटीत, चौपटीत करता येतात. पुण्यात रोहिणीताई भाट्यांनी 1947 साली नृत्यभारती काढली. लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे त्या शिकल्या आणि पुढे महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांतल्या मुलींसाठी कथकची वाट मोकळी झाली. आज कुठल्याही तालुक्याच्या गावची मुलगी गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक देते, प्रवेशिका देते, चिकाटीची असेल तर विशारद होते. यात वाईट काही नाही, उलट फार चांगलं आहे. पण लक्षात घ्या, तत्कार करणारी ती मुलगी आणि धुमाळीवर टाच मारणारी लावणीवाली, दोघींचं काम एकाच जातीचं आहे: पायानं ताल बोलणं. एकीच्या पायाला अभ्यासक्रम मिळाला, परीक्षा मिळाली, प्रमाणपत्र मिळालं. दुसरीच्या पायाला नजर मिळाली. हा फरक नाचातला नाही, नाचणारी कुठल्या घरातली त्यातला आहे. वाईच्या यमुनाबाई वाईकर, कोल्हाटी समाजातल्या, आईबरोबर रस्त्यावर गाऊन-नाचून पोट भरलेल्या. त्या आणि पंडित बिरजू महाराज एका रंगमंचावर आले, तेव्हा जाणकारांना त्यात काही विजोड दिसलं नाही. यमुनाबाईंना पद्मश्री मिळाली ती 2012 साली. तेव्हा त्या शहाण्णव वर्षांच्या होत्या.

स्वातंत्र्यानंतरचा एक प्रसंग इथं सांगायलाच हवा. 1948 च्या सुमारास बाळासाहेब खेरांच्या सरकारनं मुंबई प्रांतात तमाशावर बंदी घातली. ओरड झाली, मग दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती बसली आणि अटी घालून खेळ पुन्हा सुरू झाले. अटी कशावर, तर मुख्यतः शब्दांवर. वगाची संहिता लिहून मंजूर करून घ्यायची, अश्लील संवाद काढायचे. आमचा तर्क असा की सरकारी कारकुनाला संहिता वाचता येत होती, पाय वाचता येत नव्हते. त्यामुळे पायांवर कात्री चालली नाही आणि पायांची नोंदही झाली नाही. तिकडे अमेरिकेत कायद्यानं ढोल पकडला आणि पाय सुटले, तसंच काहीसं.

उदगीर त्या बंदीच्या हद्दीत नव्हतं. आपण तेव्हा हैदराबाद संस्थानात, बीदर जिल्ह्यात. पण म्हणून इकडे चाळ खुशाल वाजत होते असं कोणी समजू नये. 1948 साली या भागात रझाकारांचा धुमाकूळ, मग सप्टेंबरात पोलीस अ‍ॅक्शन. माणसं घरदार सोडून पळत होती, तमाशा कोण बघणार? 1956 साली आपण बीदर सोडून उस्मानाबादेत आलो आणि मुंबई राज्यात गेलो, 1982 ला लातूर जिल्हा झाला. या सगळ्या उलथापालथीत इथला माणूस लावणी बघायला जात राहिला तो जत्रेत, मुख्य म्हणजे शेजारच्या नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावला, खंडोबाच्या यात्रेत. घोडे, गाढवं, उंट यांचा बाजार, कुस्त्या, आणि तमाशाचे तंबू. इथल्या कित्येक घरांत आजोबा माळेगावला बैल बघायला जातो म्हणून सांगून जात आणि दोन दिवसांनी बैल न घेता परत येत. आजीला सगळं ठाऊक असे.

मग सिनेमा आला. ‘सांगत्ये ऐका’ 1959 साली, ‘पिंजरा’ 1972 साली. लावणी घराघरांत पोचली, हे श्रेय सिनेमाचंच. पण सिनेमानं एक गंमत केली. रेकॉर्डिंगच्या वेळी घुंगरू वाजवतो तो वादक, हातात धरून, माइकसमोर. नटीचे पाय नंतर त्या आवाजावर पडतात. म्हणजे दिसतो तो पाय वाजत नाही आणि वाजतो तो पाय नसतोच. दोन पिढ्यांनी अशी लावणी पाहिली आणि पाय हा शोभेचा अवयव आहे अशी समजूत झाली. आज गॅदरिंगला, गणपतीत, लग्नातही लावणी होते, आणि ती ट्रॅकवर होते. स्पीकरमधली ढोलकी काही केलं तरी थांबत नाही, वाट बघत नाही, चकवत नाही. समोरच्या पोरीनं कितीही चांगला तुकडा पायातून टाकला तरी तिला दाद देत नाही. तिच्यासमोर शिकायचं तरी काय?

आम्ही काही जण चार दिवसांच्या एका लावणी कार्यशाळेला गेलो होतो. बघायला म्हणून गेलो आणि चाळ बांधून बसलो. गाव आणि संयोजक यांची नावं सांगत नाही, माणसं वाईट नव्हती. शिकवायला साठी ओलांडलेल्या एक बाई होत्या, उभा जन्म बारीत गेलेल्या. हॉलला गुळगुळीत फरशी. बाईंनी आल्या आल्या पाय आपटून बघितला आणि फळ्या मागितल्या. मग विचारलं, ढोलकी कुठंय? संयोजक म्हणाले, बजेट नाही, गाणी पेन ड्राइव्हवर आहेत. बाई भांडल्या नाहीत. खुर्चीवर बसल्या आणि पहिला दिवसभर त्यांनी आम्हाला नुसतं बसायला, उठायला आणि पदर सावरायला शिकवलं. दुसऱ्या दिवशी ढोलकीवाला आला.

त्यानं वाजवायला सुरुवात केल्यावर आम्हाला कळलं की आम्ही किती पाण्यात आहोत. आमच्यात कथक विशारद झालेली एक मुलगी होती. तिचे पाय सगळ्यांत साफ. पण तिसऱ्याच आवर्तनाला ढोलकीवाल्यानं हात थांबवला आणि ती तशीच पुढे मोजत गेली. बाई हसल्या. त्यांनी तिला डोळे मिटून उभं केलं, पाय हलवायचे नाहीत म्हणाल्या, आणि दहा मिनिटं नुसती ढोलकी ऐकवली. मग म्हणाल्या, आता टाक. त्या एका टाचेचा जो आवाज आला तो आमच्यापैकी कोणीच विसरलेलं नाही. ती मुलगी नंतर त्यांच्याकडे स्वतःच्या पैशानं जात राहिली. बाकीचे आम्ही दोन मिनिटांत धापा टाकत होतो आणि रात्री पोटऱ्यांना तेल चोळत होतो.

शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रं वाटली. सुंदर छापलेली. प्रमुख पाहुण्यांची सही, संस्थेच्या अध्यक्षांची सही, समन्वयकांची सही. बाईंची सही नव्हती, नावही नव्हतं. त्यांच्या हातूनच ती वाटली, फोटो काढले. आमच्यातल्या एकानं आपलं प्रमाणपत्र उलटं करून बाईंपुढं धरलं आणि सही मागितली. मग सगळ्यांनीच धरली. बाईंना लिहायला वेळ लागत होता. एकेक अक्षर जोडत त्यांनी चौदा सह्या केल्या. संयोजक घड्याळाकडे बघत होते.

बाहेर चांगलंही घडतं आहे. अकलूजला राज्यस्तरीय लावणी स्पर्धा सुरू झाल्या आणि घरच्या बाया प्रेक्षकांत येऊन बसू लागल्या, ही लहान गोष्ट नाही. भूषण कोरगावकर आणि सावित्री मेधातुल यांनी ‘संगीत बारी’ हा प्रयोग उभा केला आणि त्यातून शकुंतलाबाई नगरकरांसारख्या कलावंत शहरी रंगमंचावर आल्या. आणि टॅपवाल्या मुलाला सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे, चित्रेश दास हे कथकचे गुरू आणि जेसन सॅम्युएल्स स्मिथ हा अमेरिकन टॅप नर्तक 2004 साली एका नृत्य महोत्सवात भेटले. मागच्या बाजूला एकमेकांना पाय वाजवून दाखवता दाखवता त्यांचा जोडीचा कार्यक्रम तयार झाला आणि जगभर गाजला. धातूची पट्टी आणि घुंगरू समोरासमोर बसले. चाळ आणि टॅप अजून बसायचे आहेत.

आता त्या मुलाचा प्रश्न: शिकायचं कुठं? पुस्तक नाही, परीक्षा नाही. व्हिडिओवरून पावलं मिळतील, पाय मिळणार नाही. ज्यांना येतं त्या बाया आहेत, साठी-सत्तरीच्या आहेत, आणि त्यांच्यातल्या बहुतेकींना आपल्या लेकी-नातींना हे शिकवायचं नाही. लेकीनं नर्स व्हावं, मास्तरीण व्हावं, पोलिसात जावं. त्यांचं शंभर टक्के बरोबर आहे. मग हे कोणी शिकायचं? आमच्या मते ज्यांच्या पायात चाळ बांधल्यानं काही बिघडणार नाही अशा पोरापोरींनी. आणि शिकायचं तर त्या बाईंना बाई म्हणायचं, गुरू म्हणून फी द्यायची, ढोलकीवाल्याची वेगळी द्यायची, आणि वहीत त्यांचं नाव लिहायचं. एवढं जमत नसेल तर टॅप शिकलेला बरा, तिथं निदान बूट आपल्या पैशाचे असतात.

तो मुलगा आज इथे आला आहे की नाही, दिसत नाही. आला असेल तर त्यानं मार्गशीर्षात माळेगावला जावं. पहिल्या रांगेत बसू नये, तिथं शिट्ट्यांमध्ये काही ऐकू येत नाही. रंगमंचाच्या बाजूला, ढोलकीवाल्याच्या मागं उभं राहायला जागा मिळते. तिथून बाईचा चेहरा दिसत नाही, पाय दिसतात.

प्रश्न असतील तर विचारा. माइक तिकडं फिरवा जरा.